केमिस्ट्रीची पोथी

आमच्या घरात अभ्यास हा ऐकायचा प्रकार होता. पोरगी खरंच अभ्यास करतेय की नुसतं पुस्तक मांडीवर घेऊन बसलीय, हे ओळखायचं कशावरून? आवाजावरून. आवाज चालू म्हणजे अभ्यास चालू. जरा थांबले की पडवीतून आबांचं खाकरणं ऐकू यायचं आणि मी जिथे असेन तिथून पुढची ओळ धरायची. रत्नागिरीच्या पेठकिल्ल्यात, बंदराच्या अंगाला आमचं घर. माझे वडील, आबा, होडीवर तांडेल होते. होडी न्यायची, जाळं कुठे टाकायचं ते ठरवायचं, खलाशांना हाका मारायच्या. वाऱ्यात ओरडून बोलायची सवय, ती घरात आल्यावरही उतरायची नाही. आई बोलायची ती फोडणीच्या वर आवाज चढवून. आणि आबांची थोरली बहीण, आमची आत्या, बोलायला लागली की शेजारच्या घरातून उत्तर यायचं. अशा घरात मनातल्या मनात वाचणं म्हणजे दुखण्याचं लक्षण. एकदा मी तशी वाचत बसले होते, तर आईने येऊन कपाळाला हात लावून पाहिला.

आमच्या आळीतून सायन्सला गेलेली मी पहिली मुलगी. शाळा सगळी मराठीत झाली आणि कॉलेजात पाऊल टाकलं तर पुस्तकं, शिकवणं, पेपर, सगळं इंग्रजी. मला त्या पुस्तकातलं किती कळत होतं म्हणाल, तर दर ओळीला एखादा शब्द ओळखीचा निघायचा, बाजारात लांबून कोणी पाहुणा दिसावा तसा. पण वाचता मात्र छान यायचं. न अडखळता, टिपेच्या सुरात, एका दमात पान. आबांना माझं ते इंग्रजी इतकं आवडायचं की विचारू नका. संध्याकाळी कोणी खलाशी हिशेबाला आला की त्याला पडवीत बसवून म्हणायचे, ऐक जरा, आणि मला आत ओरडून सांगायचे की कुंदा, मोठ्यानं वाच. मग मी सल्फ्युरिक ॲसिड कसं बनवतात ते वाचायचे आणि तो बिचारा हात जोडून बसायचा. मलाही ते गोड लागायचं, खोटं कशाला सांगू. पानं उलटत होती, घसा दुखत होता, सगळ्यांना दिसत होतं की पोरगी मेहनत करतेय. आपण अभ्यास करतोय याची इतकी खात्री मला पुन्हा आयुष्यात कधी वाटली नाही.

पहिल्या वर्षाच्या परीक्षेत मी केमिस्ट्रीत आणि झूलॉजीत नापास झाले. काठावर वगैरे नाही, चांगली सणसणीत. घरात सगळ्यांत मोठा धक्का आबांना बसला, कारण त्यांनी स्वतःच्या कानांनी अभ्यास ऐकला होता. पेपर तपासणाऱ्यानेच घोळ घातला असणार, असं त्यांचं म्हणणं. आम्ही सगळे साक्षीला आहोत, चला, मी येतो तुमच्या कॉलेजात आणि सांगतो, म्हणून सदरा घालून निघालेच होते. आईने कसंबसं थांबवलं. मी कोपऱ्यात बसून रडत होते, आणि रडता रडता मला त्या चित्राचं हसूही येत होतं, की आबा प्रिन्सिपॉलसमोर उभे आहेत आणि शपथेवर सांगताहेत, पोरगी वाचत होती हो.

त्यानंतर आबा बरेच दिवस गप्प होते, आणि आमच्या घरात गप्प माणसाची भीती वाटायची. शेवटी त्यांनी सांगितलं की ऑक्टोबरात पुन्हा परीक्षा आहे म्हणतात, ती दे. पास होऊन निघालीस तर पुढे शीक. नाही निघालीस तर बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात कचेरीत बस, तिथे लिहिणारं-वाचणारं माणूस हवंच आहे. त्या कारखान्याचे मालक आबांच्या ओळखीचे, माणूस सज्जन. जागा वाईट नव्हती. आळीतल्या निम्म्या मुलींनी ती आनंदाने घेतली असती. पण मला कॉलेजातली प्रयोगशाळा हवी होती. तो कुजक्या अंड्यांचा वास, निळ्याचा पांढरा होणारा मोरचूद, परीक्षानळीत थेंब टाकल्यावर अचानक उतरणारा पिवळाजर्द साका. पुस्तक मला परकं होतं, पण त्या खोलीत गेलं की मला माहेरी आल्यासारखं वाटायचं. ती खोली मला सोडायची नव्हती. दुसऱ्या वर्षाच्या वर्गात मला बसता येत नव्हतं, म्हणून त्या पावसाळ्यात मी घरीच, आणि हातात तेच पुस्तक.

पावसाळ्यात होड्या ओढून वर घेतलेल्या असतात, म्हणजे सगळी माणसं घरात. पडवीत जाळी पसरलेली, आबा आणि दोघे खलाशी फाटलेल्या जागा शोधून विणत बसलेले. कौलांवर धो धो, चुलीत ओली लाकडं धुमसताहेत, आणि घरभर सुक्या बांगड्याचा खरपूस वास. त्या दिवसांत ताजी मासळी नाही, म्हणून सुकटीची चटणी, कुळथाची पिठी, टाकळ्याची भाजी, फणसाच्या भाजलेल्या आठळ्या. आता डॉक्टर मला सुकं खाऊ देत नाहीत, मिठाचं कारण सांगतात. त्यांना काय सांगायचं, की गरम भाकरीवर चुरलेल्या त्या बांगड्यासाठी मी अजून दोन गोळ्या जास्त घ्यायला तयार आहे.

आत्याबद्दल सांगायला हवं. तिला बुरोंडीला दिली होती; नवरा लवकर गेला आणि ती परत आमच्याकडे आली ती घराची मालकीण होऊनच. मिश्री लावायची, कोणाचंही ऐकायची नाही, आणि श्रावणात पोथी ऐकायची म्हणजे ऐकायची. तिला स्वतःला वाचता येत नव्हतं. शाळेत असल्यापासून ते काम माझं. आमच्याकडे पोथीची एक पद्धत होती. नुसतं वाचून उठायचं नाही. अध्याय संपला की पोथी मिटायची, रुमालात बांधायची, आणि मग वाचणाऱ्याने आपल्या शब्दांत अर्थ सांगायचा. दुसऱ्या दिवशी पोथी सोडण्याआधी काल काय झालं ते सांगायचं, तेही न बघता. ते नीट सांगता आलं नाही तर आत्या नवा अध्याय सुरूच करू द्यायची नाही. मला हे सगळं पाठ होतं, लहानपणापासून हाडीमाशी खिळलेलं. आणि तरीही केमिस्ट्रीच्या पुस्तकाचा आणि याचा काही संबंध असेल, हे माझ्या डोक्यात वर्षभर आलं नव्हतं. ती देवाची पोथी, हे कॉलेजचं पुस्तक. ती कळण्यासाठी, हे ऐकवण्यासाठी.

त्या दिवशी दुपारी मी नेहमीसारखी टिपेच्या सुरात वाचत होते आणि आत्या शेजारी सूप घेऊन सुक्या कोलंबीची डोकी खुडत बसली होती. मी प्रकरण संपवलं, पाणी प्यायले आणि पुढचं काढलं. तेवढ्यात तिने सूप खाली ठेवलं.

“वरीसभर ऐकतेय गो तुझं,” ती म्हणाली, “पण अर्थ कधी सांगितला नायस.”

मी म्हटलं, तुला काय करायचाय अर्थ, तो शास्त्राचा विषय आहे. ती म्हणाली, मला कानाला पीडा दिलीस ना, मग अर्थ ऐकायचा माझा हक्क आहे. पुस्तक मीट आणि सांग. मी पुस्तक मिटलं. तोंड उघडलं. आणि काही आलंच नाही. म्हणजे इंग्रजी वाक्यं येत होती, चक्कीतून पीठ पडावं तशी, पण ती मराठीत सांगायची तर आधी काहीतरी कळलेलं असायला हवं ना. मी कसंतरी सुरू केलं की दोन पदार्थांमधली क्रिया दोन्ही बाजूंनी चालू असते, आणि शेवटी समतोल होतो, म्हणजे बदल थांबतो. आत्याने विचारलं, मग क्रिया थांबली म्हण की. मी म्हटलं नाही, क्रिया चालूच असते. ती म्हणाली, चालू आहे आणि बदल नाही, मग चालू कशावरून? मी चिडले. इतकी चिडले की पुस्तक आपटून आत गेले. पण आत जाऊन बसले तेव्हा मला कळलं की मलाही ते माहीत नाही. वर्षभर मोठ्याने वाचलेल्या त्या पानाचा एक घास माझ्या पोटात गेलेला नव्हता.

त्या रात्री नीट झोप लागली नाही. सकाळी उठून मी ते पान पुन्हा काढलं, शब्दकोश घेतला, आणि आयुष्यात पहिल्यांदा एक ओळ वाचून थांबले. दुपारी आत्यासमोर बसले आणि सांगितलं, हे बघ, गणपतीत आरतीला आपल्या घरातली माणसं शेजारी जातात आणि शेजारची आपल्याकडे येतात. जितकी जातात तितकीच येतात. दोन्ही घरं भरलेली दिसतात, माणसं तितकीच, पण कोणीही एका जागी बसलेलं नाही, ये-जा चालूच आहे. आत्याने कोलंबी खुडायची थांबवली. थोडा वेळ विचार केला आणि म्हणाली की आता कळलं. पण मग मुंबईहून चाकरमानी आले आणि आपल्याच घरात घुसले तर? तिला केमिस्ट्रीतलं अक्षर कळत नव्हतं, ती फक्त चौकस होती, पण नेमका हाच पुस्तकातला पुढचा मुद्दा होता. मी म्हटलं, मग आपल्याकडून तिकडे जास्त माणसं जायला लागतील, गर्दी ओसरेपर्यंत. आणि हे बोलताना मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. एखादं कुलूप महिनोन् महिने धडपडून न उघडलेलं आणि आता किल्ली लागून खट्कन आवाज यावा, तसा.

मग आमची केमिस्ट्रीची पोथी सुरू झाली. नियम सगळे आत्याचे. हातपाय धुऊन बसायचं, पुस्तक पाटावर ठेवायचं, कारण विद्या ती विद्या. आधी मागचं सांगायचं, तेव्हा पुस्तक रुमालात बांधलेलंच. जिथे अडखळेन तेवढंच परत उघडून पाहायचं. येतंय ते पुन्हा पुन्हा गोंजारत बसायचं नाही. मी काही विसरून शब्दांची भेळ करायला लागले की आत्याला ते लगेच कळायचं, कारण तेव्हा माझा आवाज वाढायचा. सोमवारी एकदम पहिल्या अध्यायापासून थोडक्यात सगळं. श्रावण संपून भाद्रपद लागला, मखर झालं, मोदक झाले, पण पोथी काही थांबली नाही. झूलॉजीचं मात्र जरा अवघड गेलं. माशाचं काही सांगायला लागले की ती म्हणायची, ते मी रोज कापते, पुढे चल. आणि एकदा पोथी लांबून दिवेलागण झाली तेव्हा गांडुळाच्या प्रजननाचा भाग तिने काढू दिला नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी उरकायला लावला. प्रत्येक अध्यायानंतर तिला फळ काय ते हवं असायचं. सोमवारची कथा ऐकली की पुण्य मिळतं, मग या बफरच्या कथेने काय मिळतं? मी सांगायचे, दहा मार्क. त्यावर ती समाधानाने मान हलवायची.

माझी नात आता बी.एस्सी. करते. ती पुस्तकावर पिवळ्या, गुलाबी, हिरव्या रेघा ओढते. पान इतकं रंगवते की न रंगवलेलं तेवढंच नीट वाचता येतं. परवा मी तिला म्हटलं, मीट ते आणि मला सांग. ती म्हणाली, आजी, तुला नाही कळणार. मी म्हटलं, तेच तर पाहिजे. मग ती बसली, सांगायला लागली, आणि तिसऱ्या वाक्याला गप्प झाली. ते गप्प होणं मला चांगलं ओळखीचं आहे, आणि तिथेच अभ्यास सुरू होतो, हे सांगून कोणाला पटत नाही.

पण या सगळ्यात एक घोटाळा झाला. माझा आवाज बंद झाला. दिवसभर मी पुस्तक धरून गप्प बसायचे, छताकडे बघायचे, ओठ हलवायचे, मग दुपारी आत्याशी गप्पा मारल्यासारखं बोलायचे, तेही मराठीत आणि हळू. पडवीत जाळं विणणाऱ्या आबांना इंग्रजी ऐकू येईना. त्यांनी खाकरून पाहिलं, आवाज आला नाही. आईला विचारलं तर ती म्हणाली, दोघी बसून गणपतीच्या आरतीचं काहीतरी बोलत असतात. आबांनी काय समजायचं ते समजून घेतलं. पोरीने हाय खाल्ली, पुस्तक सोडलं, आणि आत्या तिला कुशीत घेऊन बसलीय. मला ते काही बोलले नाहीत. मासेमारी सुरू झाल्यावर बंदरावर गेले तेव्हा त्यांनी बर्फवाल्या मालकांना शब्द देऊन टाकला की निकाल लागला की पोरगी येईल, जागा धरून ठेवा. त्यांच्या मनात माझं बरंच करायचं होतं. पोरगी नापास होऊन घरात रडत बसण्यापेक्षा तिच्यासाठी खुर्ची तयार असलेली बरी, असा त्यांचा विचार.

मला हे आईकडून कळलं, परीक्षेच्या तोंडावर. माझा जीव जळला. आबांनी शब्द दिला म्हणजे दिला. बंदरावर त्यांचा शब्द फिरवलेला कोणी पाहिला नव्हता. मी पास झाले तरी आता काय उपयोग, असं वाटून मी दुपारी पोथीला बसलेच नाही. आत्याने दोनदा हाक मारली आणि मग स्वतःच पाट मांडला. ती म्हणाली की शब्द त्याचा त्याने दिलाय, तू नाय दिलास. तू कालचं सांग. मी नाक पुसलं आणि कालचं सांगितलं.

परीक्षेला गेले तेव्हा हॉलमध्ये माझ्या पुढची मुलगी दारापर्यंत पुस्तक वाचत होती, अगदी माझ्याच जुन्या सुरात. पेपर हातात आला. समतोलाचा प्रश्न होता. मी पेन उचललं नाही. आधी मनातल्या मनात आत्याला सांगितलं, सुकी कोलंबी भरलेलं सूप तिच्या मांडीवर आहे असं समजून. तिचे प्रश्न आले, उत्तरं आली, आणि मग ती मी माझ्या साध्या, मोडक्या इंग्रजीत लिहिली. एक प्रश्न येतच नव्हता, तो सोडून दिला. संध्याकाळी आबांनी विचारलं, सगळं लिहिलंस ना? मी म्हटलं, येत नव्हतं ते लिहिलं नाही. आबांचा चेहरा पडला. कोरं सोडून आली म्हणजे संपलंच, असं त्यांना वाटलं असणार. आत्या मात्र आतून म्हणाली, शहाणी गो ती.

निकाल लागला तेव्हा आबा घरी नव्हते, होडीच्या इंजिनाचं काम काढून बंदरावर बसले होते. मी दोन्ही विषयांत पास झाले होते, आणि केमिस्ट्रीत नुसती पास नाही, चांगली पास. आईने मला पोटाशी धरलं. आत्याने पुस्तक पाटावर ठेवलं, त्याला हळदकुंकू वाहिलं आणि सांगून टाकलं की पोथी पुरी झाली, समाप्ती करायला हवी. केळं घालून शिरा झाला, शेजारच्या बायका आल्या, केमिस्ट्रीच्या पुस्तकाला नमस्कार करून प्रसाद घेऊ लागल्या. मला हसू आवरेना आणि आतून धाकधूकही जाईना, कारण आबा यायचे होते आणि त्यांच्या डोक्यावर तो शब्द होता.

आबा आले. अंगाला डिझेलचा वास, हात काळे. दारातून त्यांनी पाट पाहिला, बायका पाहिल्या. आत्याने सांगितलं, निघाली पोरगी. आबांनी माझ्याकडे पाहिलं. हात धुऊन आले आणि बायकांच्या मागे भिंतीला टेकून खाली बसले. माझं पोथीवाचन कधी बसून ऐकलं नव्हतं त्या माणसाने. मला वाटलं आता म्हणतील, वाच. मी पुस्तकाकडे हात नेला. त्यांनी हातानेच थांबवलं.

मग ते हळू आवाजात बोलले. इतक्या हळू बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकत होते. म्हणाले, की काळोख्या रात्री वल्हं मारलं की पाणी निळं पेटतं, हात बुडवला की हातालाही लागतं ते. मी पोर होतो तेव्हापासून बघतोय. ते काय असतं? झूलॉजीत त्याचं नाव मी एकदा ऐकलं होतं. इंग्रजी, लांबलचक, रुबाबदार. मागच्या वर्षीच्या कुंदाने ते ठणकावून म्हटलं असतं आणि आबा खूश झाले असते. नाव ओठांवर आलं होतं.

“बारीक जीव असतात पाण्यात,” मी म्हटलं. “त्यांचं नाव माहीत आहे, पण ते पेटतात कसे ते मला माहीत नाही. कॉलेजातल्या सरांना विचारावं लागेल.”

मला वाटलं, चुकलंच. सगळ्यांसमोर मी माहीत नाही म्हणाले, तेही निकालाच्या दिवशी. मग आबांनी शिऱ्याची वाटी जवळ ओढली, एक घास घेतला आणि वाटीकडेच बघत बोलले.

“मंग सोमवारी जा कॉलेजात, इचारून ये. बर्फवाल्याला मी सांगतो काय ता. आणि आल्यावर मला सांग. इंग्लिशात नको.”